बार्रिओस मांगोरे, आगुस्तीन
(५ मे १८८५ – ७ ऑगस्ट १९४४). पॅराग्वायचा विख्यात गिटारवादक व संगीतरचनाकार. जन्म दक्षिण पॅराग्वायमधील सान हुआन बाउतिस्ता येथे, संगीताची आवड असलेल्या मोठ्या कुटुंबात. गुस्ताव्हो सोसा एस्कालादा या शिक्षकाने त्याला अभिजात गिटारवादनाची दीक्षा दिली आणि पुढे राजधानी आसुन्सिओनला आणले. १९१० मध्ये थोड्या दिवसांच्या दौऱ्यासाठी म्हणून तो देशाबाहेर पडला. परंतु अर्जेंटिना, उरुग्वाय व ब्राझील या देशांत मैफली करण्यात त्याची बरीच वर्षे गेली, आणि उरलेले आयुष्यही बहुतांशी फिरतीतच सरले.

गिटारवादन ध्वनिमुद्रित करणाऱ्या अगदी पहिल्या कलावंतांत त्याची गणना होते. त्याच्या तबकड्या १९१० च्या दशकातच निघू लागल्या होत्या. तो आतड्याच्या तारांऐवजी धातूच्या तारा वापरी. अभिजात गिटारच्या वर्तुळात या तारा हलक्या दर्जाच्या मानल्या जात, आणि तत्कालीन जाणकारांनी त्याची उपेक्षा केली त्यामागे हेही एक कारण असावे.

‘ला कातेद्राल’ (१९२१) ही त्याची सर्वांत प्रसिद्ध रचना. कॅथीड्रलमधील धीरगंभीर वातावरण आणि बाहेरच्या रस्त्यावरील लगबग असे दोन भाग तिच्यात मुळात होते. त्यांच्या आधी वाजवला जाणारा ‘प्रेलुदिओ साउदादे’ हा भाग त्याने तब्बल सतरा वर्षांनी, १९३८ मध्ये जोडला. आज ही रचना तीन भागांतच ऐकण्याची सवय झाल्याने हा जोड कोणाच्या लक्षातही येत नाही. जर्मन संगीतरचनाकार बाखचे अनुकरण, पोलिश संगीतरचनाकार शोपँच्या धर्तीचे वॉल्ट्झ व माझुर्का हे नृत्यप्रकार, आणि ‘दान्सा पाराग्वाया’सारखी मायदेशी लोकनृत्ये अशा तिन्ही वाटांनी त्याने लेखन केले. अंगठ्याने खालचे स्वर धरून इतर बोटांनी एकच स्वर भराभर छेडण्याचे ट्रेमोलो तंत्र ‘उन सुएन्यो एन ला फ्लोरेस्ता’ या रचनेत विशेष खुलले आहे. या रचनेतील एका स्वरासाठी गिटारच्या दांडीवरील विसावा पडदा (स्वरस्थान दाखवणारी आडवी पट्टी) लागतो. सर्वसाधारण अभिजात गिटारला मात्र एकोणीसच असतात.

१९३० च्या सुमारास त्याने ‘नित्सुगा मांगोरे’ हे नाव घेतले. नित्सुगा म्हणजे उलट्या क्रमाने लिहिलेले आगुस्तीन, तर मांगोरे हा दंतकथेतील मूलनिवासी नायक. पिसांचा मुकुट घालून तो रंगमंचावर येई. त्याची वादनयोग्यता पाहता या देखाव्याची गरज नव्हती, पण प्रेक्षक मिळवणे हा फिरत्या कलावंताचा रोजचा प्रश्न होता.

१९३४ च्या सुमारास त्याने युरोपचा दौरा केला. अखेरची वर्षे त्याने एल साल्वादोरची राजधानी सान साल्वादोर येथे गिटार शिकवण्यात घालवली आणि तेथेच हृदयविकाराने त्याचे निधन झाले. ‘उना लिमोस्ना पोर एल आमोर दे दिओस’ ही त्याची शेवटची रचना ट्रेमोलोतच आहे. तिच्यातील पुन्हापुन्हा येणारे खालचे स्वर भिक्षेकऱ्याने दारावर दिलेल्या थापा असल्याचे सांगतात.

१९७७ मध्ये जॉन विल्यम्स या गिटारवादकाने केवळ त्याच्याच रचनांचे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध केल्यावर त्याच्या कार्याकडे जगाचे लक्ष गेले. पॅराग्वायच्या ५०,००० ग्वारानीच्या नोटेवर आज त्याचे चित्र आहे.