वेलेन्स सिंड्रोम

वेलेन्स सिंड्रोम म्हणजे ईसीजीतला असा पॅटर्न की ज्यावरून कळतं, हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त देणारी एलएडी ही धमनी तिच्या सुरुवातीच्या भागातच जवळजवळ बंद पडायला आलीये. कॅज्युअल्टीत तो नजरेतून निसटतो कारण ईसीजी काढतात तेव्हा पेशंटच्या छातीत दुखत नसतं, "आता बरं वाटतंय, ॲसिडिटी असेल" असं तो स्वतःच सांगतो.

१९८२ मध्ये नेदरलँड्समधल्या डी झ्वान, हाइन वेलेन्स वगैरे डॉक्टरांनी हे मांडलं. अनस्टेबल अँजायनाच्या (हृदयाला रक्त कमी पडून छातीत अचानक उठणारं किंवा वाढत जाणारं दुखणं) १४५ पेशंटपैकी २६ जणांत हा पॅटर्न दिसला, आणि बायपास न झालेल्या १६ पैकी १२ जणांना पुढच्या काही आठवड्यांतच मोठा अँटिरिअर, म्हणजे हृदयाच्या पुढच्या भागाचा, अटॅक आला.

बघायचं असतं मुख्यतः व्ही२ आणि व्ही३ या छातीवरच्या लीड्समध्ये. एका प्रकारात टी वेव्ह (ईसीजीत प्रत्येक ठोक्याच्या शेवटी येणारी लाट) आधी वर जाते आणि मग खाली घसरते, दुसऱ्यात, जो जास्त दिसतो, ती सरळ खोल उलटी होते. एसटी (टीच्या आधीचा भाग) जवळपास सपाट, क्यू वेव्ह (होऊन गेलेल्या अटॅकची खूण) नाही, ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रोटीन) नॉर्मल किंवा जरासं वाढलेलं, म्हणजे घाईत बघणाऱ्याला घाबरण्यासारखं काहीच नाही, आणि मशीनही बऱ्याचदा "नॉनस्पेसिफिक टी वेव्ह चेंजेस" एवढंच छापून मोकळं होतं.

खरी गंमत (गंमत कसली म्हणा!) पुढे आहे. टी उलटी होते ती धमनी थोडी उघडून रक्त परत वाहायला लागलं म्हणून. तीच धमनी पुन्हा बंद झाली की टी परत सरळ उभी राहते, म्हणजे दुखणं परत सुरू झालेलं असताना ईसीजी मात्र "सुधारलेला" दिसतो, आणि इथेच भलेभले फसतात. त्यामुळे एकच पट्टी बघून भागत नाही, आधीचा ईसीजी शेजारी ठेवायचा आणि दोन्ही काढले तेव्हा दुखत होतं की नव्हतं हे त्यावरच लिहून ठेवायचं.

अशा पेशंटला टीएमटीला (ट्रेडमिलवर चालवून घेतात त्या स्ट्रेस टेस्टला) पाठवणं धोक्याचं, ट्रेडमिलवर चालतानाच अटॅक येऊ शकतो. ॲडमिट करून, औषधं सुरू करून लवकर अँजिओग्राफी, हाच मार्ग. अर्थात प्रत्येक उलटी टी वेलेन्स नसते, फुप्फुसातली गुठळी, मेंदूतला रक्तस्राव, बीपीमुळे जाड झालेलं हृदय यातही ती उलटते, म्हणून छातीत दुखून गेल्याची हिस्टरी नसेल तर हे निदान करत नाहीत.