बेल्ट सँडर व त्याचा जीर्णोद्धार

दोन रुळांवरून (रोलरांवरून) फिरणाऱ्या अखंड घासपट्ट्याने लाकडाचा वा धातूचा पृष्ठभाग सपाट करणारे विद्युत् यंत्र. हाती धरायचे आणि बैठे असे त्याचे दोन प्रकार आहेत. बंद पडलेले जुने यंत्र उघडून घरच्या कार्यशाळेत पुन्हा चालते करण्याचा छंद अमेरिकेत विशेष रुजला आहे. प्रस्तुत नोंद मुख्यतः तेथील यंत्रांविषयी आहे.

उगम : यंत्राच्या जनकत्वाबाबत एकवाक्यता नाही. सिरॅक्यूस (न्यूयॉर्क) येथील पोर्टर-केबल कंपनीचे अभियंता आर्ट एमन्स यांनी १९२६ मध्ये बेल्ट सँडर शोधला, असे सर्रास लिहिले जाते. हे श्रेय हाती धरायच्या विद्युत् यंत्रापुरते मानणे अधिक सयुक्तिक ठरेल. पुलींवर फिरणारे घासपट्टे त्यापूर्वीच, बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून, गाडीच्या चाकांचे आरे व अवजारांचे दांडे घडवणाऱ्या कारखान्यांत वापरात होते. काही लेखक ही परंपरा तेराव्या शतकातील चीनपर्यंत नेतात. तेथे शिंपल्यांचा चुरा व वाळू डिंकाने चर्मपत्रावर चिकटवीत. पण तो हाताने घासण्याचा कागद होता, यंत्राचा पट्टा नव्हे. व्हर्मॉन्टमधील आयझॅक फिशर यांना १८३४ मध्ये घासकागदाची पेटंटे मिळाली. एडवर्ड अ‍ॅचेसन यांच्या सिलिकॉन कार्बाइडचे पेटंट १८९३ चे आहे. असे कृत्रिम अपघर्षक (घासण्याचे कठीण द्रव्य) हाती आल्यावरच वेगवान पट्ट्याला खरा उपयोग लाभला, असे दिसते.

कालनिश्चिती : रॉकवेल कंपनीने डेल्टा ही यंत्रे बनवणारी कंपनी १९४५ मध्ये, तर पोर्टर-केबल १९६० मध्ये घेतली. त्यामुळे पाटीवर रॉकवेलचे नाव असल्यास यंत्र साधारणपणे त्या-त्या वर्षानंतरचे समजावे. मोटरीवरच्या पाटीचा आधार मात्र कच्चा; मोटर मागाहून बदललेली असू शकते.

पट्ट्याची चाल : जीर्णोद्धाराचा कस येथे लागतो. पट्टा रुळावरून घसरू नये म्हणून बहुधा एका रुळाला मध्यभागी किंचित फुगवटा देतात. तो पट्ट्याला मध्यावर का आणतो, याची दोन स्पष्टीकरणे आढळतात. मोठ्या व्यासाकडची कड अधिक वेगाने धावते म्हणून पट्टा तिकडे ओढला जातो, हे पहिले. ते अपुरे आहे. दुसऱ्यानुसार, उतरत्या पृष्ठभागावर टेकलेला पट्टा आपल्याच प्रतलात वाकतो, रुळाकडे येणारा त्याचा भाग उंच बाजूकडे कलतो आणि दर फेऱ्यात थोडा अधिक आत टेकतो. यासाठी पट्टा व रूळ यांत घट्ट पकड हवी. प्रत्यक्ष अनुभव याच मताला पुष्टी देतो : रुळावरचे रबर चकाकून टणक झाले की पट्टा घसरू लागतो आणि समायोजनाचा स्क्रू कितीही फिरवला तरी तो जागेवर राहत नाही. अशा वेळी स्क्रूशी झगडण्यात अर्थ नाही. जुने रबर काढून नवे चढवावे आणि लेथवर फुगवट्यासह घासून घ्यावे. हा फुगवटा मिलिमीटरच्या काही दशांशांइतकाच असतो. नवशिके रूळ पूर्ण सपाट करून तो घालवून बसतात.

पट्ट्यामागची आधारपट्टी मध्ये झिजून खोलगट होते. तिच्यावर पोलादी पट्टी आडवी धरून मागून उजेड पाहिला की खोली कळते. ती पुन्हा सपाट करून वर ग्रॅफाइट लावलेले कापड बसवतात. गोदामात पडून राहिलेले जुने पट्टे सांध्याशी तुटतात; ते वापरू नयेत. आतल्या बाजूस बाण असल्यास पट्टा त्याच दिशेने चढवावा.

इतर भाग : बेअरिंगची मापे प्रमाणित असल्याने जुन्या यंत्रालाही नवे बेअरिंग सहज मिळते. उदा., ६२०३ क्रमांकाचे बेअरिंग १७ × ४० × १२ मिमी. असते. धुळीमुळे पत्र्याच्या झाकणांऐवजी रबर सीलचे घ्यावे आणि दांड्यावर बसवताना दाब आतल्या कड्यावरच द्यावा. ओतीव लोखंडाच्या भागांचा गंज धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात विद्युत् अपघटनाने निघतो. हाती धरायच्या यंत्रांची अ‍ॅल्युमिनियमची कवचे त्यात बुडवू नयेत. अल्कलीने ती खाल्ली जातात. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा खरवडू नये. मूळ रंग टिकाऊ असल्यास तो तसाच राखणे प्रस्तुत लेखकाला अधिक योग्य वाटते.

भारतात वापर : अमेरिकन यंत्रे सामान्यतः ११५ ते १२० व्होल्ट व ६० हर्ट्झची असतात. हाती धरायच्या यंत्रातील कार्बन ब्रशची मोटर येथे उतरत्या ट्रान्सफॉर्मरवर चालते. बैठ्या यंत्राच्या प्रवर्तन (इंडक्शन) मोटरीचा वेग मात्र येथील ५० हर्ट्झवर मिनिटाला १,७२५ वरून सुमारे १,४४० फेऱ्यांवर येतो. १२७ मिमी. व्यासाचा रूळ थेट मोटरीवर असल्यास पट्ट्याचा वेग सेकंदाला सुमारे ११.५ मी. वरून ९.६ मी. होतो. लाकडाला तो चालतो. मोटर येथलीच बसवून पुलीचे प्रमाण बदलणे हा त्यावर सोपा उपाय आहे.

धूळ : लाकडाची धूळ आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कर्ककारकांच्या पहिल्या गटात घातली आहे. जुन्या यंत्रांना धूळ ओढण्याची सोय बहुधा नसते. ती जोडून घ्यावी. लाकडाचा भुसा आत साचलेला असताना त्याच यंत्रावर लोखंड घासल्यास ठिणगीने आग लागू शकते.