स्केटबोर्डचं चाक: लोखंडापासून युरेथेनपर्यंत

गॅरेजमधून जुनी बेअरिंगं मागून आणायची, फळीखालच्या दांड्यांना ठोकायची आणि उतारावरून सुटायचं. बेअरिंगच्या गाडीचा हा खेळ आपल्याकडे अनेकांनी खेळलेला आहे. तिचा खडखडाट दोन गल्ल्यांपलीकडे ऐकू जायचा आणि वळणावर ती हमखास घसरायची. स्केटबोर्डची पहिली पिढी जवळपास अशीच होती.

अमेरिकेतली मुलं रोलर स्केट मोडून त्याची लोखंडी चाकं फळीखाली ठोकत आणि वर फळांचं रिकामं खोकं बसवून स्कूटर करत. खोकं निखळलं की उरायचं ते स्केटबोर्ड. १९५०च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सर्फिंग करणाऱ्या पोरांनी ते उचललं. समुद्रात लाट नसेल त्या दिवशी रस्त्यावर लाट शोधायची, एवढाच हेतू. पण लोखंड रस्त्याला धरत नाही, त्यामुळे वळणं बेतानंच घ्यावी लागत.

१९६०च्या दशकात ‘मातीची’ चाकं आली. ही कुंभाराची माती नव्हे, तर रिंकवरच्या, म्हणजे स्केटिंगच्या गुळगुळीत फरशीवरच्या, स्केटसाठी दाबून घट्ट केलेलं मिश्रण. गुळगुळीत फरशीवर ती छान पळत, रस्त्यावर मात्र त्यांच्या कडा झडत. हरभऱ्याएवढा खडा आडवा आला तरी चाक जागच्या जागी थांबे आणि पोरगं पुढे जाऊन पडे. आतले छर्रेही सुटे असत. नट आवळला तर चाक अडायचं, सैल ठेवला तर छर्रे रस्त्यावर सांडायचे. तरी खेळ चालला. १९६३ साली हर्मोसा बीचच्या एका शाळेच्या आवारात स्पर्धाही भरली. मग हातपाय मोडू लागले, अनेक शहरांनी बंदी घातली आणि १९६५च्या अखेरीस बाजार बसला. खापर पोरांच्या बेफिकिरीवर फुटलं. निम्मा दोष तरी चाकाचा होता.

उत्तर सापडलं ते नको असलेल्या मालात. व्हर्जिनियातल्या पर्सेलव्हिल गावच्या कारखान्यात रिंकवर भाड्यानं द्यायच्या स्केटसाठी पॉलियुरेथेन या लवचिक प्लास्टिकची मऊ चाकं बनत. ती फरशीला जास्त धरतात आणि कमी पळतात, म्हणून मुरलेले स्केटर नाक मुरडत. फ्रँक नॅसवर्दी या तरुणानं तीच चाकं स्केटबोर्डला लावली आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात ‘कॅडिलॅक’ नावानं विकायला काढली. युरेथेन खड्यावर किंचित दबतं आणि त्याच्यावरून निघून जातं. रिंकवर जो अवगुण होता, तोच रस्त्यावर गुण ठरला. १९७५च्या सुमारास सुट्या छर्‍यांच्या जागी बंदिस्त बेअरिंगं आली. स्केटबोर्डसाठी खास रुंद ट्रक, म्हणजे चाकांचा आस धरणारे धातूचे सांगाडे, त्याच काळातले. मागचं टोक वर उचललेल्या फळीचं, किकटेलचं, पेटंट लॅरी स्टीव्हन्सननं १९७१ मध्ये मिळवलं होतं.

आता चाक भिंतीलाही धरू लागलं. १९७६-७७ मध्ये कॅलिफोर्नियात दुष्काळ पडला आणि घरोघरचे पोहण्याचे तलाव कोरडे राहिले. तिथल्या तलावांचा तळ गोलाई घेत भिंतीला मिळतो, त्यामुळे पोरांना आयतं मैदान मिळालं. फ्लोरिडाच्या अ‍ॅलन गेलफँडनं अशाच उभ्या भिंतीवर हात न लावता फळीसकट उडी मारली, ती ऑली. दशक सरता सरता विम्याचा खर्च न झेपल्यानं बरीच स्केटपार्क बंद पडली आणि खेळ पुन्हा रस्त्यावर आला. १९८२च्या सुमारास रॉडनी मलननं ऑली सपाट जमिनीवर आणली. आजच्या रस्त्यावरच्या बहुतेक करामती त्या एका उडीवर उभ्या आहेत.

ऑली मारताना मागच्या पायाच्या चवड्यानं फळीचं शेपूट, म्हणजे मागचं टोक, जमिनीवर टक्कन आपटायचं, त्याच क्षणी त्या पायानंही उडी घ्यायची आणि पुढच्या बुटाची बाहेरची कड फळीवर चिकटवलेल्या खरखरीत ग्रिपटेपवरून फळीच्या नाकाकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, घासत न्यायची. घासण्यामुळे फळी वर ओढली जाते आणि आडवी होते. नवशिक्याचा मागचा पाय शेपटावरच राहतो, त्यामुळे फळी हापशाच्या दांड्यासारखी नुसती उभी राहते, उडत नाही. बुटाला करंगळीपाशी भोक पडलं की सराव चालू आहे असं समजावं.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला फळी उलटीसुलटी फिरवण्याच्या नादात चाकं ४० मिमीच्याही खाली गेली. माझ्या मते तो अतिरेकच. बारीकशा भेगेतही चाक अडकायचं. आता रस्त्यावरच्या बोर्डाला साधारण ५२ मिमी, ९९ ए कडकपणाचं चाक लावतात (आकडा जितका मोठा, तितकं चाक कडक). टोकियो ऑलिम्पिकमध्ये २०२१ साली मोमिजी निशिया आणि रायसा लील यांनी महिलांच्या स्ट्रीट प्रकारात सुवर्ण आणि रौप्य पटकावलं तेव्हा दोघी १३ वर्षांच्या होत्या.

आपल्या खडी वर आलेल्या डांबरावर मात्र ९९ ए चालवणं म्हणजे १९६५ सालाकडे परत जाणं. नुसतं फिरायचं असेल तर ७८ ए, ६० मिमीच्या आसपासचं चाक घ्यावं. बेअरिंग ६०८ नंबरचं (भोक ८, बाहेरचा व्यास २२, रुंदी ७ मिमी), एका बोर्डाला आठ. ते बेअरिंगच्या दुकानात सहज मिळतं. नट इतपतच आवळावा, की चाक आसावर मागेपुढे हलवलं तर बारीक टक आवाज येईल. पावसात बोर्ड काढूच नये. मेपलच्या सात पापुद्र्यांची फळी फुगते, शेपटातली उसळी जाते आणि बेअरिंगं गंजू लागतात. बेअरिंगं भिजलीच तर त्यांचं झाकण काढून, धुऊन, पूर्ण वाळवून शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडावा. घरातलं खोबरेल नको, थंडीत ते आतच थिजतं.