कमिट-इतिहासाचे पुनर्लेखन : त्रुटी व निवारण

आवृत्ती-नियंत्रणात (फायलींतील बदलांचा इतिहास ठेवण्याच्या पद्धतीत) आधी नोंदलेल्या कमिटांचा, म्हणजे बदलांच्या नोंदींचा, क्रम, मजकूर किंवा लेखक बदलण्याची क्रिया. गिट या प्रणालीत (२००५) जुनी कमिट बदलत नाही. नवी तयार होते आणि ब्रांच (मालिकेचे टोक दाखवणारे नाव) तिच्याकडे वळते. कमिटच्या हॅशमध्ये (आशयावरून काढलेल्या ओळख-क्रमांकात) पालक-कमिटचा, म्हणजे आधीच्या कमिटचा, हॅश गुंतलेला असल्याने एक बदलली की पुढच्या साऱ्या बदलतात. जुनी व नवी मालिका एकाच वेळी शिल्लक राहते, आणि बहुतेक त्रुटी त्यातूनच उद्भवतात.

या पद्धतीचे मूळ बहुधा लिनक्स कर्नलच्या पॅच-रांगांत (क्रमाने लावायच्या बदल-फायलींत) असावे. कर्नल-विकासक अँड्र्यू मॉर्टन यांच्या पॅच-स्क्रिप्टांतून पुढे क्विल्ट हे साधन घडले. डार्क्स या प्रणालीतही नोंद मागे घेण्याची सोय होती. तथापि रिबेस ही गिटमधील पुनर्लेखनाची आज्ञा बदल एकामागून एक नव्या पायावर चढवते. त्यामुळे पॅच-रांगेशी तिचे नाते अधिक जवळचे दिसते. तिचे संवादी रूप २००७ मध्ये आले.

पुनर्लेखनानंतर पुश (कमिट सर्व्हरवर पाठवणे) ‘नॉन-फास्ट-फॉरवर्ड’ म्हणून, म्हणजे सर्व्हरवरील मालिकेच्या पुढे सरळ जोडता येत नाही म्हणून, नाकारला जातो. नकाराच्या सूचनेतील सल्ल्याप्रमाणे पुल केल्यास (सर्व्हरवरील कमिट आणून जोडल्यास) जुनी मालिका मर्ज होऊन (नव्या मालिकेत मिसळून) परत येते व तेच बदल दोनदा दिसतात. येथे ‘फोर्स-विथ-लीज’ वापरावे : सर्व्हरवरचे टोक आपल्या माहितीतलेच असेल तरच ते सक्तीने पुश करते. एडिटर पार्श्वभूमीत फेच करत असेल (सर्व्हरवरचे नवे टोक आपोआप नोंदत असेल) तर हे संरक्षणही पोकळ ठरते. त्यासाठी गिट २.३० पासून ‘फोर्स-इफ-इन्क्लूड्स’ची जोड आहे. रिबेसमधील कॉन्फ्लिक्टमध्ये (एकाच जागी परस्परविरोधी बदल आल्यास) ‘अवर्स’ म्हणजे नवा पाया आणि ‘देअर्स’ म्हणजे स्वतःच्या कमिट, हेही ध्यानात ठेवावे.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात एकाच रेपोत (फायली व त्यांच्या इतिहासाच्या साठ्यात) मराठी व कन्नड नावांच्या फायली असू शकतात. दोन्ही लिप्यांचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटांचे असते, आणि गिट अशी नावे अष्टमान आकड्यांत दाखवते : देवनागरी \३४०\२४४ किंवा \३४०\२४५ ने, कन्नड \३४०\२६२ किंवा \३४०\२६३ ने सुरू होते. ‘कोअर.कोटपाथ’ ही मांडणी फॉल्स केल्यावर नावे वाचता येतात. याहून घातक अडचण ‘ऱ्या’ची. ऊस उत्पादकांच्या खाते क्रमांकांची ‘शेतकऱ्यांची यादी’ ही फाइल चुकून कमिट झाली व फिल्टर-रेपोने (सगळा इतिहास नव्याने लिहिणाऱ्या साधनाने) काढायची आहे, असे समजू. काही कीबोर्ड ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह देतात, तर काही र, हलन्त व अदृश्य जोडक. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, बाइट मात्र वेगळे. नाव जुळत नाही, आज्ञा त्रुटी न देता संपते आणि फाइल इतिहासात राहते. म्हणून नाव टंकलिखित न करता लॉगमधून (कमिटांच्या यादीतून) उचलावे. पडताळणीही ‘लॉग --ऑल --नेम-ओन्ली’च्या पूर्ण यादीवर करावी. टंकलेल्या नावाने शोधल्यास तीच चूक लपते. १ नोव्हेंबर २०१४ रोजी बेळगाव शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले. तेवढ्यासाठी जुन्या कमिट बदलू नयेत, नवी कमिट पुरते.

अर्धवट रिबेस ‘--अबॉर्ट’ने मागे घेता येते, पूर्ण झाल्यावर ‘ओरिग_हेड’ (आधीच्या टोकाची खूण) किंवा रिफ्लॉगमधून (टोक कुठे कुठे हलले याच्या स्थानिक नोंदवहीतून) जुने टोक सापडते. रिफ्लॉगच्या नोंदी साधारणपणे ९० दिवस, ब्रांचपासून तुटलेल्या कमिटांच्या ३० दिवस टिकतात, आणि क्लोनमध्ये (रेपोच्या प्रतीत) जात नाहीत. फिल्टर-रेपो मात्र रिफ्लॉग पुसून जुने ऑब्जेक्ट लगेच काढते, ‘ओरिजिन’ही (मूळ सर्व्हरचा दुवा) हटवते, म्हणून ते ताज्या क्लोनवरच चालते. त्याच संगणकावरील क्लोनसाठी ‘--नो-लोकल’ लागते. मूळ रेपो वेगळा राखून ठेवावा आणि सर्व सहकाऱ्यांनी नव्याने क्लोन करावे; एका जुन्या क्लोनमधून पुश झाला तरी काढलेली यादी पुन्हा सर्व्हरवर पोहोचते.