लाल अश्रू, नारिंगी दात

आमच्या पाळीव उंदरीच्या, जिलबीच्या डोळ्याखाली लाल थेंब दिसला, तेव्हा तिला घरी आणून जेमतेम आठ दिवस झाले होते. नाकाच्या शेंड्याला तोच रंग, पुढचे पंजेही आतून लालसर. लेकीने भोकाड पसरलं. मी ओल्या कापसाने डाग टिपला, तर पांढऱ्या कापसावर तो थेट रक्तासारखा उतरला. सासूबाई दारातूनच म्हणाल्या, ‘‘लोक उंदरांसाठी सापळे लावतात, आणि तुम्ही त्यांचे डोळे पुसताय!’’

ते रक्त नव्हतं. उंदराच्या डोळ्यामागे हार्डेरियन नावाची एक ग्रंथी असते. तिच्यातून तेलकट स्राव पाझरतो आणि पापण्यांना वंगण मिळतं. या स्रावात पॉर्फिरिन नावाचं रंगद्रव्य असतं. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये लोह ज्या कड्यात बसतं, ते कडं याच कुळातलं. म्हणून रंगाचा हा सारखेपणा. शंका असेल तर नोटा तपासायचा जांभळा टॉर्च त्या डागावर धरावा. पॉर्फिरिन लाल-गुलाबी चमकतं, रक्त काळंच राहतं.

धडधाकट उंदीर दिवसभर तोंड धूत असतो, त्यामुळे हा स्राव आपल्याला दिसतच नाही. ताण आला, घर बदललं किंवा आजार जडला की स्राव वाढतो आणि तोंड धुण्याचा उत्साह मावळतो. म्हणजे लाल अश्रू हा आजार नव्हे, तापासारखं लक्षण आहे. झोपेतून उठल्यावर कोपऱ्यात किंचित लाली असेल तर काळजीचं कारण नाही. रोज दिसू लागली, जोडीला शिंका असल्या, तर डॉक्टर गाठायचा.

आपल्या माळ्यावर खुडबुडतो तो बहुधा काळा उंदीर. पाळतात तो त्याचा भाऊबंद, रॅटस नॉर्वेजिकस. व्हिक्टोरिया राणीच्या काळात लंडनमध्ये जॅक ब्लॅक नावाचा उंदीर पकडणारा होता. वेगळ्या रंगाचे उंदीर सापडले की तो ते मारायचा नाही, पाळून त्यांची पैदास करायचा आणि विकायचा. पुढे याच जातीतून प्रयोगशाळेतले पांढरे उंदीर आले. फिलाडेल्फियातल्या विस्टार संस्थेचा प्रसिद्ध वाण 1906 सालचा. पाळणाऱ्यांना त्याचा आयता फायदा झाला. या प्राण्याच्या शरीराचा जितका बारीक अभ्यास झालाय, तितका फार थोड्या प्राण्यांचा झाला असेल. पंचाईत एवढीच, की ही माहिती पेट शॉपवाल्यापर्यंत पोचलेली नसते. मला त्याने जिलबी आणि शेव या दोघी काचेच्या टाकीत, लाकडाच्या भुशावर ठेवून दिल्या होत्या. दोन्ही चुका एकाच खोक्यात.

टाकी का वाईट, ते उंदराच्या फुप्फुसापासून समजून घ्यावं लागतं. बहुतेक पाळीव उंदरांच्या श्वासमार्गात मायकोप्लाझ्मा पल्मोनिस हा जंतू मुक्कामाला असतोच. आईकडून पिल्लाला तो पहिल्या काही दिवसांतच मिळतो. एरवी तो गप्प बसतो. श्वासनलिकेच्या आतल्या बारीक केसांची लव जंतू आणि कफ वर ढकलत राहते, तोवर सगळं ठीक चालतं. पण मूत्रातल्या युरियाचा जिवाणू अमोनिया करतात आणि हा वायू त्या लवेलाच मारतो. उघड्या जाळीच्या पिंजऱ्यात तो उडून जातो, टाकीत साचून राहतो. उभ्या माणसाच्या नाकाला वास येईपर्यंत, भुशात नाक खुपसून झोपणाऱ्या जिवाने तो कितीतरी तास ओढलेला असतो. पाईन आणि देवदाराच्या भुशातले सुगंधी फिनॉल यकृताला आणि श्वासमार्गाला त्रास देतात, ते वेगळंच. आम्ही आता जुने सुती कपडे आणि कागदाच्या पट्ट्या वापरतो. कपडे तीन दिवसांआड धुवायचे, वासाच्या साबणाशिवाय.

नव्या घरी आल्यावर थोड्या शिंका येतातच. ऐकायची असते ती घरघर. उंदीर तळहातावर घ्यायचा आणि मोबाईलसारखा कानाला लावायचा. निरोगी छातीत काहीच ऐकू येत नाही. आत बारीक चटचट, किरकिर किंवा शिट्टी असेल, कुशी आत-बाहेर जोरात हलत असतील, तर त्याच दिवशी दवाखाना. उंदराला तोंडाने नीट श्वास घेता येत नाही, तो नाकानेच घेतो. त्यामुळे तोंड उघडून धापा टाकणारा उंदीर म्हणजे शेवटची घंटा. मायकोप्लाझ्मा समूळ जात नाही, पण डॉक्सिसायक्लीनसारख्या औषधांनी आवरता येतो. डोस वजनावर ठरतो आणि तो डॉक्टरांनीच ठरवायचा. घरातली उरलेली गोळी चिमटीभर कुस्करून देण्याचा उद्योग करू नये.

वजनावरून आठवलं, आमच्या घरातलं सगळ्यात उपयोगी उपकरण म्हणजे स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. दर रविवारी वाटीत बसवून दोघींचं वजन वहीत लिहायचं. उंदीर हा शिकारी प्राण्यांचं भक्ष्य. दुखणं दाखवलं तर जीव जातो, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं. खेळत, खात असतानाच तो आतून खंगत असतो. शेव 310 ग्रॅमवरून दोन आठवड्यांत 280 वर आली, तेव्हा बघायला अगदी ठणठणीत दिसत होती.

दातांच्या रंगाला मात्र घाबरायचं कारण नाही. पुढचे चार दात पिवळे-नारिंगी असतात, कारण त्यांच्या वरच्या थरात लोहाचे क्षार असतात. पांढरेफटक दात दिसले तरच चौकशी करावी. हे दात आयुष्यभर वाढतात, म्हणून उंदीर ते एकमेकांवर घासतो. मांडीवर निवांत पसरला की करकर आवाज येतो, आणि कधीकधी डोळे खोबणीतून आत-बाहेर थरथरू लागतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याची पाचावर धारण बसते. जबड्याचा एक स्नायू डोळ्यामागून जातो, जबडा हलला की डोळा हलतो, एवढंच. हे सहसा खुशीचं लक्षण. खुशीचा दुसरा आवाज आपल्या कानांच्या पलीकडचा. उंदरांना गुदगुल्या केल्या की ते सुमारे 50 किलोहर्ट्झला चिवचिवतात, हे मेंदूशास्त्रज्ञ जाक पँक्सेप यांनी 1990च्या दशकाच्या अखेरीस दाखवलं. आपण फार तर 20पर्यंत ऐकतो. त्यांना हवा असतो हा आवाज ऐकणारा सोबती, म्हणून उंदीर एकटा पाळू नये. दोन माद्या किंवा दोन नर. पाच आठवड्यांनंतर नर-मादी एकत्र राहिले तर तीन आठवड्यांत डझनभर पिल्लं ठरलेली.

आपल्याकडे खरी परीक्षा एप्रिल-मेची. उंदराला अंगभर घाम येत नाही, कुत्र्यासारखी धाप टाकूनही तो उष्णता घालवत नाही. त्याचा रेडिएटर म्हणजे शेपटी. गरम झालं की तिच्यातल्या रक्तवाहिन्या फुलतात आणि केस नसलेल्या कातडीतून उष्णता बाहेर पडते. पण हवाच अंगाइतकी तापली तर ही युक्ती संपते. बत्तीस-तेहेतीसच्या पुढे आमच्या दोघी आडव्या पसरतात. मग पिंजऱ्यात शहाबादी फरशीचा तुकडा ठेवायचा, आणि काठ फुटलेलं मडकं बाहेरून ओलं करून आडवं टाकायचं. त्यात शिरायला भांडणं होतात. एखादा लाळ गाळत सुस्त पडला, तर शेपटी आणि पाय साध्या पाण्याने ओले करत दवाखान्याकडे निघावं, बर्फ नको. याच शेपटीला धरून उंदीर कधी उचलू नये. तिची कातडी मोज्यासारखी निघून येते आणि पुन्हा बसत नाही.

खाण्याबद्दल एकच गोष्ट विस्ताराने सांगते, कारण ती नागपूरकरांना विचारावीशी वाटतेच: संत्रं चालतं का? सालीत लिमोनीन असतं. नर उंदराच्या यकृतात एक खास प्रथिन तयार होतं, ते मूत्रावाटे जातं. लिमोनीनपासून बनणारा पदार्थ या प्रथिनाला चिकटतो, ते मूत्रपिंडात साचतं आणि तिथल्या पेशी मरतात. प्रयोगांत नरांना गाठीही झाल्या. माद्यांमध्ये आणि माणसांत हा प्रकार घडत नाही. प्रयोगातले डोस मोठे होते, त्यामुळे एका फोडीने आभाळ कोसळणार नाही. पण नराला साल देऊच नये, आणि फोड टाळली तरी त्याचं काही अडत नाही. बाकी गोळीखाद्य, भाज्या, शिजवलेली डाळ, कधी अंड्याचा तुकडा. कच्चा राजमा वर्ज्य. उंदराला उलटी करता येत नाही, हे लक्षात असू द्यावं. त्यामुळेच शस्त्रक्रियेआधी कुत्र्यासारखं उपाशी ठेवण्याची गरज नसते. उलट उपास त्याला बाधतो.

शस्त्रक्रियेची वेळ माद्यांवर बऱ्याचदा येते. त्यांच्या स्तनग्रंथी मानेपासून जांघेपर्यंत पसरलेल्या असतात, म्हणून बगलेत लागलेली हरभऱ्याएवढी गाठही स्तनाचीच असू शकते. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, पण लिंबाएवढ्या होईपर्यंत वाढतात. हरभऱ्याएवढी असतानाच काढावी. जिलबीची अशीच काढली.

माणसांबद्दलही थोडं. रस्त्यावरच्या उंदरांच्या मूत्रातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) पसरतो, हे मुंबई-कोकणात पावसाळ्यात सगळ्यांना ठाऊक असतं. पाळीव उंदीर बाहेरच्यांच्या संपर्कात येऊ दिला नाही, तर हा धोका फार कमी राहतो. चावल्यानंतर काही दिवसांनी ताप, पुरळ, सांधेदुखी झाली तर डॉक्टरांना ‘घरी उंदीर आहे’ हे आधी सांगावं. लोक लाजून सांगत नाहीत. उंदीर चावल्याने येणाऱ्या या तापावर पेनिसिलिन चालतं, पण डॉक्टरांना तशी शंका तर यायला हवी.

उंदराचं आयुष्य दोन-तीन वर्षांचं. शेव आता सव्वादोनची आहे, मागचे पाय ओढत चालते. पिंजऱ्याची शिडी आम्ही काढली, वरचा झोका खाली बांधला, पाण्याची बाटली चार बोटं उतरवली. गोळीखाद्य कोमट पाण्यात भिजवून वाटीत देतो. ती दोन्ही पंजांत धरून खाते, मग तोंड धुते. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात तिचा पंजा हल्ली पोचत नाही. तेवढं मी कापसाने पुसते.