तांब्यावर कोरलेले प्रयोग

सतराव्या शतकात प्रयोग करणाऱ्याची मोठी अडचण होती साक्षीदारांची. हवा उपसणारा पंप भलताच महाग, तो चालताना पाहणारे मूठभर. मग बाकीच्यांनी विश्वास ठेवायचा कशावर? रॉबर्ट बॉइलच्या १६६०च्या पुस्तकात पंपाचं मोठं घडीचं चित्र घातलं आहे ते यासाठीच. माग्डेबुर्गचा महापौर ऑटो फॉन गेरिके यानं तर कमालच केली. १६७२मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला छापलेल्या त्याच्या ग्रंथातलं ते प्रसिद्ध चित्र बघा: दोन अर्धगोल जोडून आतली हवा काढलेली, दोन्ही बाजूंनी आठ-आठ घोडे जोर लावताहेत आणि वर आकाशात तेच अर्धगोल मोठे करून काढलेले, म्हणजे जोडणी नीट कळावी. जत्रेचं दृश्य आणि यंत्राचा आराखडा एकाच पानावर! इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकच्या १६६५च्या सूक्ष्मदर्शकावरच्या पुस्तकातली पिसू घडी उलगडली की पुस्तकाच्या बाहेर येते.

ही चित्रं तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली असत. मजकूर खिळ्यांचा, म्हणजे धातूची सुटी अक्षरं जुळवून छापलेला, चित्रं मात्र वेगळ्या दाबयंत्रावर, वेगळ्या कागदावर छापून बांधणीत घातलेली. पत्र्याच्या कडेचा दाब कागदावर बोटाला लागतो. अठराव्या शतकात लायडनचा स्‌ग्राव्हेसांद आणि पॅरिसचा नोले यांनी प्रयोगांची व्याख्यानं लोकप्रिय केली, तेव्हा घडीच्या चित्रांची सोय फार कामाची ठरली. मजकुराची पानं उलटत राहायची, चित्र बाजूला उघडंच.

पण वेगळी छापलेली चित्रं वेगळी काढताही येतात. कित्येक पुस्तकं चौकटीत टांगण्यासाठी फाडली गेली. म्हणून संग्राहक आधी चित्रं मोजतो, किंमत नंतर विचारतो.

युरोपाबाहेरही ही हौस पोचली होती. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी युरोपीय शास्त्रीय पुस्तकं मागवून सरस्वती महाल ग्रंथालयात भर घातली. १८२६मध्ये त्यांना भेटलेल्या बिशप हेबरला हा मराठी राजा रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए आणि वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसचे दाखले देतो याचं नवल वाटलं.

अशा प्रयोगांच्या जुन्या पुस्तकांचा पद्धतशीर संग्रह मात्र, माझ्या मते, पंडितांपेक्षा तारखात्याच्या इंजिनिअरांनी घडवला. आपण ज्या विजेवर पोट भरतो तिची वंशावळ त्यांना हवी होती. लॅटिमर क्लार्क हा त्यांतला अग्रणी. १८६४मध्ये हिंदुस्थानला जोडण्यासाठी इराणी आखातातून टाकलेल्या तारेच्या कामात ब्राइट आणि क्लार्क या जोडीचा हात होता. वीज आणि चुंबकत्वावरचा क्लार्कचा सुमारे ६,००० पुस्तकं-पुस्तिकांचा संग्रह १९०१मध्ये स्कायलर व्हीलरनं विकत घेऊन अमेरिकेतल्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेला दिला. १९०९ला निघालेली त्याची दोन खंडांची सूची जुन्या पुस्तकांचे विक्रेते पुढे प्रमाण मानू लागले.

बर्न डिबनरही इंजिनिअरच, विजेच्या जोडण्या बनवणारा कारखानदार. त्यानं १९५५मध्ये विज्ञानातले दोनशे पायाभूत ग्रंथ निवडून यादी छापली आणि ‘डिबनर क्रमांक’ ही विक्रेत्यांची भाषाच झाली. यादीत नाव आलं की भाव चढतो. यादीबाहेरचं तितकंच सुरेख पुस्तक कोपऱ्यात पडून राहतं, हा जरा अन्यायच. डिबनरचा बराच संग्रह सत्तरच्या दशकात वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला गेला, उरलेला २००६मध्ये कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन ग्रंथालयाला.

आता यांतलं बरंचसं पडद्यावर फुकट दिसतं. फक्त घाईनं केलेल्या स्कॅनमध्ये घड्या बहुधा उलगडलेल्याच नसतात; पंपाचा अर्धा दट्ट्या दिसतो आणि बाकीचा कागदाच्या पाठीमागे राहतो.