पायाखालचा बर्फ कसला आहे?

कमळांनी भरलेल्या तळ्याकाठी थोडा वेळ शांत बसलं की कमळपक्षी दिसतो. पाण्यावर पसरलेल्या पानांवरून तो रमतगमत चालतो, किडे टिपतो. पान जरासं दबतं, बुडत मात्र नाही. अंगाच्या मानाने त्याची बोटं आणि नखं अतोनात लांब असतात, त्यामुळे त्याचं मुळातच हलकं वजन मोठ्या जागेवर वाटलं जातं. कॅनडाच्या जंगलातला स्नोशू ससा बर्फावर हीच युक्ती वापरतो. त्याच्या मागावर असलेल्या लिंक्स या रानमांजराचे पंजेही तसेच रुंद आणि केसाळ असतात. शिकार आणि शिकारी, दोघांचीही पावलं एकाच बर्फाने घडवली आहेत.

माणसाला अशी पावलं नव्हती, म्हणून त्याने ती लाकूड वाकवून केली: बुटाखाली बांधायचे रुंद स्नोशू. इटली आणि ऑस्ट्रियाच्या सीमेवर, ३,१३४ मीटर उंचीवरच्या एका हिमनदीवर २००३ साली बर्चच्या फांदीचं, दोरीने बांधलेलं एक कडं सापडलं. कार्बन-कालमापनात त्याचं वय सुमारे ५,८०० वर्षं निघालं. माहीत असलेल्या स्नोशूंमध्ये हा सर्वांत जुना मानला जातो.

स्नोशूचं गणित शाळेतलंच आहे: भार भागिले क्षेत्रफळ. पाठपिशवीसकट ८० किलोचा माणूस धरू. चालताना प्रत्येक पावलाला क्षणभर सगळा भार एकाच पायावर येतो. बुटाचा तळ साधारण २५० चौरस सेंटीमीटरचा, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरवर ३२० ग्रॅम. ६३ सेंटीमीटर लांब आणि २० सेंटीमीटर रुंद स्नोशू बांधला, तर गोल कडा वजा जाता सुमारे १,१५० चौरस सेंटीमीटर जागा मिळते आणि दाब ७० ग्रॅमवर येतो. जुना ठोकताळाही हेच सांगतो: वजनाच्या दर पौंडामागे एक चौरस इंच.

दुकानात तुमचं वजन विचारतात आणि तक्त्यावर बोट ठेवून माप सांगतात, ते या हिशेबावरून. हिशेब बरोबर आहे, पण तो अर्धाच आहे. उरलेला अर्धा भाग बर्फाचा, आणि तो क्वचितच कुणी विचारतो.

यात आपल्या भाषेचाही थोडा हात असावा असं मला वाटतं. फ्रिजमधला खडाही बर्फ आणि आभाळातून भुरभुरणारा कापूसही बर्फच. प्रत्यक्षात ताज्या, कोरड्या हिमाचा एक घनमीटर ५० ते १०० किलो भरतो. वाऱ्याने चेपून बसवलेला थर ३०० ते ४०० किलोंपर्यंत जातो आणि घट्ट हिमनदीचा बर्फ ९०० च्या आसपास. ताजं हिम म्हणजे बहुतांशी हवाच. एकाच मापाचा स्नोशू पहिल्यात वीतभर रुतेल, दुसऱ्यावर अंगुळभर दबेल आणि तिसऱ्यावर खडखडत घसरेल.

शिवाय पडलेला बर्फ पडल्यासारखा राहत नाही. मला यातलं सगळ्यात थक्क करणारं हेच वाटतं. उणे १० अंशांना बर्फ आपल्याला गोठलेला, निपचित वाटतो. पण निरपेक्ष शून्यापासून मोजलं, तर उणे १० म्हणजे २६३ केल्विन, आणि बर्फ वितळतो २७३ ला. म्हणजे तो आपल्या वितळणबिंदूच्या ९६ टक्क्यांवर उभा असतो. लोखंडाच्या बाबतीत तेवढेच टक्के धरले तर तापमान येतं सुमारे १,४७० अंश सेल्सिअस, लोहाराच्या भट्टीत लोखंडाला लोखंड सांधता येतं त्याहूनही जास्त. थंडगार दिसणारा बर्फ स्वतःच्या मोजमापाने असा तापलेला असतो. त्यामुळे एकमेकांना टेकलेले कण न वितळताच सांधले जातात, त्यांच्यामध्ये बारीक माना तयार होतात आणि थर घट्ट होत जातो. पाय पडला की कण मोडतात, जवळ येतात आणि हे सांधकाम आणखी वेगाने होतं. म्हणूनच उत्तरेकडचे लोक स्नोशूंनी वाट तुडवून ठेवत आणि ती रात्रभर तशीच राहू देत. काल ज्या वाटेवर माणूस रुतत होता, तिच्यावरून सकाळी कुत्र्यांची घसरगाडी धावे.

पण बर्फ नेहमी घट्टच होतो असंही नाही. अलास्काच्या अंतर्भागात किंवा शेजारच्या कॅनडातल्या युकॉनमध्ये हिवाळ्यात हवा उणे ३० अंश असते आणि बर्फाच्या गोधडीखालची जमीन शून्याच्या जवळपास. मधला थर जेमतेम अर्धा मीटर जाडीचा. एवढ्याशा अंतरात ३० अंशांचा फरक पडला की खालच्या उबदार भागातली वाफ वर सरकते, वाटेत गोठते, आणि तळाशी मोठे, पैलूदार, एकमेकांना न चिकटणारे स्फटिक वाढतात. मुठीत घेतले तर जाड साखरेसारखे बोटांतून ओघळतात. उत्तरेतल्या इनुइट लोकांकडे या थराला वेगळा शब्द आहे, ‘पुकाक’. याची वाट तुडवून फारशी घट्ट होत नाही. इथे क्षेत्रफळच लागतं.

आता जुन्या स्नोशूंचे आकार पाहिले की ते आपोआप उलगडतात. युकॉन-अलास्काकडचा स्नोशू अरुंद आणि जवळजवळ माणसाच्या खांद्याएवढा लांब असतो. चोच वर वळलेली, कारण तिथे कोरड्या, खोल हिमातून मोकळ्या रानात सरळ लांब जायचं असतं. उत्तर अमेरिकेतले मूळ रहिवासी असलेले ओजिब्वे लोक दोन लाकडं दोन्ही टोकांना जोडून अणकुचीदार स्नोशू करत. तिथल्याच वेंडाट लोकांचा थेंबासारखा, मागे शेपटी असलेला. ती शेपटी मागे जड राहते, त्यामुळे पाय उचलला की पुढचं टोक आपसूक वर येतं. पूर्वेकडच्या दाट झाडीत मात्र शेपटी अडकते, म्हणून तिथे अस्वलाच्या पंजासारखा आखूड, गोल आकार. चौकट बहुधा ॲश झाडाच्या लाकडाची आणि विणकाम कच्च्या कातड्याच्या वाद्यांचं. कोरड्या हिमाच्या मुलखात वीण बारीक, नाहीतर ते जाळीतून गळून जाईल. ओलसर बर्फाच्या मुलखात वीण मोठी, कारण तिथे बर्फ चिकटून पाय जड होतो, आणि भिजलेली वादी तर सैल पडतेच.

ओल्या बर्फाचं माहेरघर म्हणजे जपानचा पश्चिम किनारा. सायबेरियाहून निघालेला कोरडा, थंड वारा जपानच्या समुद्रावरून येताना बाष्प उचलतो आणि समोरच्या डोंगरांना धडकून होन्शूच्या त्या बाजूला बर्फाचे ढीग घालतो. कोकणात पाऊस पडतो त्याच कारणाने, फक्त हा हिवाळी मोसमी वारा. हा बर्फ जड असतो आणि लवकर बसतो, म्हणून तिथला स्नोशू, ‘कांजिकी’, लहानसा, गोलसर आणि खाली लाकडी दात्यांचा. मोठा ताजा बर्फ पडला की निगाता भागातले लोक कांजिकीवर ‘सुकारी’ हे भलंमोठं कडं बांधत आणि हातातल्या दोरीने त्याचं टोक उचलत वाट तुडवत.

मोठं माप घेतलं की प्रश्न सुटला, असंही नाही. पायातलं वजन फार महाग पडतं. अमेरिकी लष्करासाठी १९६९ साली झालेल्या अभ्यासात पायांवर बांधलेला भार धडावरच्या भारापेक्षा चार ते सहा पट दमवतो असं दिसलं. म्हणून मळलेल्या वाटेवर लांबलचक स्नोशू ओढत नेणं म्हणजे विनाकारण ओझं वाहणं. आजच्या ॲल्युमिनियमच्या किंवा प्लॅस्टिकच्या स्नोशूंना तळाशी पोलादी दाते असतात आणि काहींना चढावर टाच उचलून धरणारी तार. डोंगरात मी आकारापेक्षा या दोन गोष्टी आधी पाहीन.

डिसेंबर-जानेवारीत पुण्या-मुंबईहून केदारकंठ्यासारख्या हिवाळी ट्रेकला जाणाऱ्यांचं काय? बहुतेकांना स्नोशूची गरजच पडत नाही, कारण आधी गेलेल्या शेकडो पावलांनी वाट चेपलेली असते. तिथली अडचण नेमकी उलटी. दिवसा किंचित वितळलेली वाट रात्री गोठते आणि पहाटे काच होते. तिथे बुटावर ताणून बसवायचे साखळीचे मायक्रोस्पाइक लागतात आणि ताजा बर्फ पडलाच तर पोटऱ्यांना गेटर, म्हणजे बुटात बर्फ शिरू न देणारं आवरण. सह्याद्रीतल्या कातळावर चिकटून बसणाऱ्या तळव्यावर तिथे भरवसा ठेवू नये. रबर थंडीत कडक होतं, आणि काचेसारख्या बर्फावर नक्षी रुतायला जागाच नसते.

बर्फाची जात बुटालाही तितकीच लागू पडते. उणे १५ अंशांच्या खाली बाहेरचा बर्फ बुटावर वितळत नाही. ओल येते ती आतून, घामाची. म्हणून कोरड्या थंडीच्या मुलखातले लोक वाफ बाहेर जाऊ देणारं काहीतरी घालत: कॅनडात मूस या थोरल्या हरणाच्या धुरी दिलेल्या कातड्याचे मोकासिन, रशियात लोकरीच्या नमद्याचे वालेन्की. उत्तर युरोपातले सामी लोक रेनडिअरच्या कातड्याच्या बुटात वाळलेलं गवत भरत. काश्मीरमध्ये भाताच्या पेंढ्याचे पुल्होर विणत, ऊबही आणि पकडही. हेच बूट शून्याच्या आसपास घातले तर तासाभरात चिंब होतील. तिथे ओल बाहेरून येते आणि रबरच हवं. खाली रबर, वर कातडं असा बूट १९१२ साली अमेरिकेच्या मेन राज्यात लिऑन बीन यांनी विकायला काढला, तो अशाच ओलसर रानासाठी. लडाखमधल्या झंस्कार नदीच्या चादरवर, म्हणजे गोठलेल्या पात्रावरच्या वाटेवर, तर साधा गमबूट महागड्या ट्रेकिंग बुटाला मागे टाकतो, कारण तिथे गोठलेल्या नदीवरूनही पाणी वाहतं.

शून्याच्या आसपासची ही ओली थंडी लोकांना निरुपद्रवी वाटते, याची मला खरोखर काळजी वाटते. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. पाय न गोठताही, केवळ तासन्‌तास ओले आणि गार राहून, त्यांना गंभीर इजा होते. पहिल्या महायुद्धातल्या खंदकांत हजारो सैनिकांनी ती भोगली. सुती मोजे घरी ठेवा, लोकरीचे घ्या. दोन जोड घालायचे असतील तर बूट तेवढा मोठा घ्या. घट्ट बुटात कोंबलेले दोन मोजे एका मोज्यापेक्षा गार, कारण रक्तही अडतं आणि ऊब धरणारी हवाही उरत नाही.

मग पायाखाली काय आहे हे ओळखायचं कसं? आधी कान लावा. पावलाखाली बर्फ करकरत असेल तर थंडी साधारण उणे १० च्या खाली आहे. मग एक मूठ उचलून दाबा. गोळा झाला तर ओल आहे, भुरभुरून पडला तर कोरडा. शेवटी वाटेच्या कडेला छोटा खड्डा खणून त्याच्या भिंतीत हात घाला. हिमाचे अभ्यासकही असंच करतात. हलक्या दाबाने मूठ आत गेली तर मोठा स्नोशू. मूठ न जाता चार बोटं गेली तर मध्यम. एकच बोट जात असेल तर छोटा पुरे. पेन्सिलच काय ती शिरत असेल तर स्नोशू पाठीला लावा आणि दाते चढवा.

वरचा थर पेन्सिलीचा आणि खालचा मुठीचा निघाला, तर मात्र तिथे थांबा. वर कवच आणि खाली ती न चिकटणारी साखर. सपाट रानात याचा अर्थ एवढाच की पाय कवच फोडून मांडीपर्यंत जाईल. पण ३० ते ४५ अंशांच्या उतारावर हीच रचना हिमस्खलनाची, आणि तिथे पायात काय बांधलंय याने काहीच फरक पडत नाही. पाऊल टाकताच ‘हुम्म’ असा दबका आवाज आला आणि आजूबाजूचा बर्फ किंचित खाली बसला, तर आतला थर कोसळला असं समजायचं आणि आल्या पावलांच्या खुणांवरून परत फिरायचं.